निवडणुकीच्या दिवसांत घरात वाद होतात, स्वतःवर ताबा कसा ठेवायचा?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग वाचून मी पुढं गेले असते. मेव्हणा घरच्या ग्रुपवर रोज एका पक्षाच्या पोस्टी टाकतो, तुम्ही ठरवूनही गप्प राहू शकत नाही, मग दोघांची जुंपते आणि रात्री झोप लागत नाही. हे आता घरोघरी आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझी बायको तर मत कुणाला दिलं हे मलाही सांगत नाही, मग घरात चर्चा तरी कशी करायची?" त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले आहे. तुमच्या बायकोचं काहीही चुकलेलं नाही. स्वतःवर ताबा कसा ठेवायचा हे तुम्ही इथं अनोळखी माणसांना विचारताय, पण तो ठेवणारं माणूस तुमच्या घरातच आहे.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सासर याच जिल्ह्यातलं एक खेडं. नोकरीमुळं आम्ही तालुक्याला राहतो, पण मतदार यादीत नाव गावातच आहे. माझे दीर गावच्या राजकारणात आहेत. 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीला ते आमच्या वॉर्डातून उभे होते. मतदान 15 जानेवारीला होतं. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणजे मतदान बरोबर किंक्रांतीला. ज्यांनी गावची निवडणूक पाहिली आहे त्यांना कळेल की संक्रांतीची संध्याकाळ आणि कत्तलची रात, म्हणजे मतं फिरवायची मतदानाआधीची शेवटची रात्र, एकाच दिवशी आली म्हणजे काय होतं. हळदीकुंकवाच्या निमित्तानं बाया कुणाच्याही घरात जाऊ शकतात, कुणी अडवत नाही. पुरुष रात्री जे करतात ते त्या वर्षी बायकांनी संध्याकाळीच, तोंडाला मास्क लावून केलं.

समोरच्या पॅनलच्या उमेदवाराची बायको माझ्या माहेरच्या गावची. तिनं कुंकवाला बोलावलं, मी गेले. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला. वाण म्हणून तिनं स्टीलचा डबा पुढं केला, तो मी तिथंच ठेवला. म्हणलं, "बाई, उद्या मतदान आहे. वाण मला रथसप्तमीच्या आत कधीही दे, आज नको." ती समजूतदार होती, तिला राग आला नाही. पण मी त्या दारात शिरताना गल्लीनं पाहिलं होतं, आणि डबा तिथंच राहिला हे कुणी पाहिलं नाही. तासाभरात गावात बातमी, की मास्तरीणबाई तिकडं वाण घेऊन आली.

18 तारखेला तहसीलला मोजणी झाली. आमचे दीर चार मतांनी पडले.

शहरातल्या लोकांना चार मतांचा अर्थ कळणार नाही. ग्रामपंचायतीला वॉर्ड एवढुसा असतो की निकाल लागल्यावर माणसं आकडा बघत नाहीत, घरं मोजतात. या घरात सहा, त्या घरात चार, ते दोघं पुण्याहून गाडी करून आणले, म्हातारीला उचलून नेलं. सगळी बेरीज करायची आणि कमी पडलेली मतं कुणाच्या पदरात आहेत ते शोधायचं. आमच्या घरात ती शोधाशोध त्याच रात्री ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या बैठकीत, सुरू झाली. भाऊजींनी ताट आणायला लावलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. आमचं कुलदैवत खंडोबा आहे, माळेगावला आमचा नेम आहे, त्यामुळं त्या ताटासमोर खोटं बोलायची घरात कुणाची छाती नाही. मतदानाच्या आधी बेलभंडारा उचलायला लावून मतं बांधून घेतात हे मला माहीत होतं. निकालानंतर तपासणीसाठी ताट पुढं केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. भावकीतल्या पुरुषांनी उचलून झालं. मग बायका. चुलत सासूबाईंनी उचलला, जाऊबाईंनी उचलला, आणि ताट माझ्यापुढं आलं.

मी म्हणलं, "भाऊजी, मी उचलणार नाही. अन् मत कुणाला दिलं तेही सांगणार नाही."

"कामून? दिलं असंल आम्हाला तर सांगायला काय होतंय?"

"दिलं असलं तरी नाही, नसलं तरी नाही."

आता तुम्हाला ताबा म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर इथं थांबा. मला सुटायला सोपं होतं. "तुम्हालाच दिलं हो," एवढे शब्द बोलले असते, ताटाला हात लावला असता, तर पाच मिनिटांत सगळे जेवायला बसले असते. खरं असतं तर काही बिघडत नव्हतं, खोटं असतं तर देव आणि मी बघून घेतलं असतं. त्या मोहाला आवरणं हे रागाला आवरण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. लोकांना वाटतं संयम फक्त रागाचा असतो. आपण कसे निर्दोष आहोत हे लगेच सिद्ध करून दाखवायची जी खाज असते, ती दाबायला जास्त ताकद लागते. तुमचा मेव्हणा काहीतरी टाकतो आणि तुमचा अंगठा चालू होतो, तेव्हा दर वेळी राग नसतो हो. "मी मूर्ख नाही" हे ग्रुपवरच्या सगळ्यांना दाखवायचं असतं.

राग नंतर आला. भाऊजी म्हणाले, "पगार सरकारचा खायली, अन् घर आमचं फोडायली." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. त्यांच्या मोठ्या मुलाची कॉलेजची फी कुणी भरली, शेतातल्या बोअरला पैसे कमी पडले तेव्हा कुणाच्या पगारातून गेले, सगळं. हात थरथरत होते म्हणून पदराच्या आत धरले. पण ते बोलले नाही, आणि का बोलले नाही तेही सांगते, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. ते बोलले असते तर मुद्दा मतावरून पैशावर गेला असता. पैशाच्या भांडणात मी अर्धी बरोबर, ते अर्धे बरोबर, भावाभावांत हिशोब निघाले असते, आणि माझी जी एकच गोष्ट पूर्ण बरोबर होती ती त्या ढिगाऱ्याखाली गेली असती. भांडणात दुसरं खातं उघडायचं नाही. ज्या गोष्टीवर उभे आहात तिथंच उभं राहायचं, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. त्या रात्री मी तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणाले, दुसरं बोललेच नाही. शेवटी सासरे म्हणाले, "ताट आत न्या." तेवढ्यावर ती रात्र संपली.

संपली म्हणजे घरातली रात्र संपली. जाऊबाईंनी रथसप्तमीपर्यंत सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, मला सोडून. एका दारात, एका तुळशीपुढं वावरलेल्या बायका आम्ही. ते मला लागलं, आजही लागतं. नवऱ्यानं तालुक्याला आल्यावर विचारलं, "मला तरी सांग." त्यांनाही सांगितलं नाही. ते दोन दिवस घुश्श्यात होते, मग विषय सोडला, आणि तो त्यांचा मोठेपणा मी मानते. सासूबाईंचं मात्र एक वाक्य लक्षात राहिलं. भांडी घासताना म्हणाल्या, "आमच्या टायमाला चिन्ह घरातूनच सांगून धाडायचे. तू नाही सांगितलंस ते बरं केलंस का वाईट, मला कळंना, पण मला असं कधी सुचलंच नाही."

म्हणून मला राग येतो जेव्हा शिकलेले पुरुष लिहितात की बायको मत सांगत नाही, मग चर्चा कशी करायची. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. त्या यादीत स्वतःच्या नावानं यायला बाईला एवढा वेळ लागला, आणि आता नाव आलं तर मताचा हिशोब पुन्हा नवऱ्याला द्यायचा? लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 94 वाचा. निवडणुकीत मत कुणाला दिलं हे सांगायला कोणत्याही साक्षीदाराला किंवा इतर व्यक्तीला भाग पाडता येत नाही. कोर्टात साक्षीला उभ्या असलेल्या माणसालाही जे विचारता येत नाही ते आपण जेवणाच्या ताटावर विचारतो. मशीनवर 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही', हे बटण आलं त्याच्या मुळाशीसुद्धा हेच होतं. 2013 च्या आधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर तसं मतदान केंद्रातल्या रजिस्टरमध्ये नोंदवावं लागायचं, म्हणजे सगळ्यांना कळायचं. त्यानं गुप्तता मोडते म्हणून सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2013 मध्ये मशीनवर ती सोय द्यायला लावली.

हे सगळं मला पुस्तकातून नाही, टेबलावर बसून पटलंय. 26 एप्रिल 2024 ला परभणी लोकसभेचं मतदान होतं तेव्हा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होते. माझ्याकडं सह्या घ्यायचं रजिस्टर आणि शाई. डाव्या हाताची तर्जनी धरायची, नखाच्या वरून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची. दिवसभर बोटंच बघते मी. हळद काढून, कापूस वेचून भेगाळलेली बोटं, काहींच्या नखात अजून माती. दुपारच्या उन्हात एक माणूस बायकोच्या मागोमाग मशीनच्या कोपऱ्याकडं निघाला. "तिला समजत नाही, मी दाखवतो." बाई धडधाकट, डोळ्यांनी नीट दिसणारी. मदतनीस फक्त अंध किंवा अपंग मतदाराला मिळतो, तोही केंद्राध्यक्षांच्या परवानगीनं, आणि मत गुप्त ठेवीन असं त्याला लिहून द्यावं लागतं. मी त्याला म्हणलं, "दादा, तिकडं एकटीलाच जाऊ द्या." तो बाहेरच्या एजंटाला हाका मारायला लागला. केंद्राध्यक्ष उठले, तो थांबला. ती आत गेली, मत कुणाला पडलं त्याची चिठ्ठी व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत सात सेकंद दिसते तेवढा वेळ ती पूर्ण उभी राहिली, बीप वाजला, मग बाहेर आली. त्यानं दारातच विचारलं, "कुठं दाबलं?" ती म्हणाली, "दाबलं की," आणि चालायला लागली. त्या बाईचं नावगाव मी सांगणार नाही, पण तुमच्या बायकोबद्दल वाचलं तेव्हा मला तीच आठवली.

आता तुमचा मेव्हणा. त्याच्याविषयी फार काही नाही. एक, रात्री जेवणानंतर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. लिहायचं असेल तर स्वतःलाच पाठवून ठेवा, सकाळी वाचा, बहुतेक वेळा पाठवावंसं वाटणार नाही. दोन, माणसावर आणि पक्षावर बोलू नका, गोष्टीवर बोला. 2024 च्या विधानसभेला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली द्यावं लागत होतं. हे तुमच्या मेव्हण्यालाही माहीत आहे, त्याच्याही घरात कट्टे पडून असतील. त्यावर बोललात तर तो तुमच्याच बाजूला बसेल. नेत्याचं नाव काढलंत की तो वकील होतो आणि तुम्ही फिर्यादी.

त्याच वर्षीच्या लोकसभेला आमच्या मराठवाड्यात काय झालं ते बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आरक्षणाच्या प्रश्नावरून मनं आधीच तापली होती, आणि अनेक ठिकाणी भांडण पक्षाचं न राहता जातीचं झालं. आमच्या डीएडच्या बॅचच्या ग्रुपवर वीस वर्षांच्या मैत्रिणी एकमेकींच्या आडनावावरून बोलायला लागल्या. कुणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा आणि कुणाच्या नाही असले मेसेज फिरले. तिथं मी गप्प राहिले नाही. मी लिहिलं की हा मेसेज काढून टाक, तुझ्या वर्गात सगळ्यांची लेकरं बसतात. तिनं काढला. म्हणजे गप्प बसा, राजकारण बोलूच नका, असं माझं म्हणणं नाही. तो सल्ला भित्र्यांचा आहे आणि तो देणारे बहुतेक जण आपल्या सोयीच्या वेळी बरोबर बोलतात. बोला, भरपूर बोला. फक्त मत कुणाला, हे सांगू नका आणि विचारू नका. तेवढं एक दार बंद ठेवलं की बाकी सगळं घर उघडं ठेवता येतं.

माझा पुतण्या, ज्याच्या फीचा उल्लेख वर आला, तो आता पुण्यात नोकरीला आहे. तो मला म्हणतो, "काकू, लपवायचं कशाला? माणसाला भूमिका पाहिजे, छातीठोक सांगता आलं पाहिजे." त्याला मी अनेकदा उत्तर दिलंय, इथं परत देते, कारण तो हे वाचतो. बाळा, छातीठोक सांगणं त्यालाच परवडतं ज्याला सांगितल्यावर काही गमवायचं नसतं. तू पुण्याच्या फ्लॅटमध्ये सांगितलंस तर एखादा मित्र नाराज होईल. गावातल्या सालगड्यानं सांगितलं तर पुढच्या पाडव्याला त्याचं साल मोडेल. विहिरीवर मजुरी करणाऱ्या बाईनं सांगितलं तर तिचं नाव मजुरांच्या यादीत खाली जाईल. ज्याला सांगता येत नाही त्याचं मत सुरक्षित राहायचं असेल तर ज्याला सांगता येतं त्यानंही सांगू नये. सगळेच गप्प असले तर गप्प राहणाऱ्यावर संशय येत नाही. त्या रात्री ताटावर सगळ्यांनी हात ठेवला, म्हणून माझं न ठेवणं गुन्हा ठरलं. दोघींनी नकार दिला असता तर ताट आपोआप आत गेलं असतं. माझी भूमिका हीच आहे, आणि ती मी भर ढाळजेत, तुझ्या वडिलांसमोर, छातीठोक सांगितली होती.

भाऊजींशी आता बोलणं आहे. जाऊबाई पुढच्या वर्षीपासून बोलवायला लागल्या. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या वेळी भाऊजींनी परत विचारलं, चेष्टेच्या सुरात, पण विचारलंच. मी तेच वाक्य म्हणलं. ते हसले नाहीत, पण ताटही मागवलं नाही.

काही गोष्टी राहिल्या. जे स्वतः उमेदवार आहेत किंवा एखाद्या पक्षाचं काम उघडपणे करतात त्यांना माझं हे लागू नाही, त्यांनी सांगितलंच पाहिजे. मी जिल्हा परिषदेची कर्मचारी असल्यानं मला प्रचार करता येत नाही, तसे वर्तणुकीचे नियमच आहेत, पण माझं गप्प राहणं त्यामुळं आहे असं समजू नका, निवृत्त झाल्यावरही सांगणार नाही. पैसे वाटताना कुणी दिसलं तर तिथं संयम दाखवू नका. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटोसकट तक्रार करता येते, नाव न देताही करता येते. आणि तुमची बायको कुणाच्या दबावाखाली आहे म्हणून बोलत नसेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. ते तुम्ही तिच्याशी निवांत, निवडणूक संपल्यावर बोला.

घरात 85 च्या वरचं कुणी असेल तर अजून एक. लोकसभा-विधानसभेला त्यांना घरी बसून मत द्यायची सोय आहे, पथक मतपत्रिका घेऊन घरी येतं. माझ्या सोबतच्या एक बाई त्या पथकात होत्या. त्या सांगत होत्या की पथक दारात आलं की मुलं, नातू, सुना सगळे आजीच्या खाटेभोवती गोळा होतात आणि बोट कुठं न्यायचं ते सांगतात. अशी आजी तुमच्या आणि मेव्हण्याच्या घरात असेल, तर त्या दिवशी दोघंही खोलीबाहेर उभे राहा. त्यासाठी 12-ड चा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरावा लागतो, म्हणून बीएलओला, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, आधीच विचारून ठेवा.